पहिल्या घासासोबत

व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय आणि लहान आतड्याची सुरुवात काढून उरलेलं पुन्हा जोडतात. स्टीव्ह जॉब्जवर 2004 मध्ये हीच झाली, हे आमच्या ऑफिसात बऱ्याच जणांना माहीत. नंतर त्याच्या जेवणाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

आप्पा ऑपरेशननंतर लोणखेड्याला आले. दोन भाकऱ्या खायचे, तरी वजन उतरतच होतं. शौचाला तेलकट, तरंगणारं, उग्र वासाचं. (वाचताना कसंतरी होईल, पण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.) चरबी पचवणारं लायपेज मुख्यतः स्वादुपिंडातून येतं. ते कमी पडलं की तूप पोटात जातं, अंगी लागत नाही. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही नीट शोषली जात नाहीत. पाहुण्यांचं ऐकून आईने तेल-तूप बंद केलं, तर आप्पा आणखीच वाळले.

यावर पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल असतात. पहिल्या घासासोबत घ्यायच्या, दुधाच्या चहाबरोबर काही खाल्लं तरी. त्या बनतात डुकराच्या स्वादुपिंडापासून. आणि आप्पा माळकरी.

आई म्हणाली, "त्यांना सांगू नको रे." मी सांगितलं. माळ त्यांची, पोटही त्यांचंच.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माळ देव्हाऱ्यात ठेवली, कॅप्सूल गिळली आणि आईला म्हणाले, "आता तूप वाढ."

वजन उतरायचं थांबलंय. जेवणं सहा, थोडीथोडी. शेवभाजीची तर्री मात्र अजून झेपत नाही.