आधीं जागें कोण?

न्यायशास्त्रांत तर्काचे जे दोष सांगितले आहेत, त्यांपैकीं अनवस्था आणि अन्योन्याश्रय हे दोन आम्हांस पूर्वींपासून मौजेचे वाटत आले. ह्याला कारण तें, त्याला कारण आणखी एक, अशी परंपरा कोठेंच न थांबणें ही अनवस्था. आणि हें त्यावर व तें ह्यावर अवलंबून असणें हा अन्योन्याश्रय. ३६ वर्षें संस्कृत शिकवितांना हे शब्द आम्हीं फळ्यावर कितीदां लिहिले असतील! परंतु ते दोन्ही दोष साक्षात् पाहावयास मिळाले ते सेवानिवृत्तीनंतर, पनवेलास आमच्याच माजघरांत.

आमच्या वडील बंधूंची नात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच पावसांत गाढी नदीचें पाणी पनवेलच्या सखल भागांत शिरलें आणि आमच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलें. ही मुलगी तेव्हां पाळण्यांत होती. तिला उचलून माडीवर कसें नेलें, ही गोष्ट ऐकतच ती वाढली. मागल्या नाल्याचें पाणी रात्रीं चढूं लागलें, तर तें किती वेगानें चढत आहे हें मोजून भोंगा वाजवील असें यंत्र करावयाचें तिच्या मनानें घेतलें, तें बहुधा त्यामुळेंच.

तिनें आणलेला बोर्ड बीगलबोन ब्लॅक नांवाचा, खेळण्यांतल्या पत्त्याएवढा. तो २०१३ पासून मिळतो. त्यावर लिनक्स चालतें, आणि लिनक्सची तयार प्रत फुकट मिळते. बंधूंनीं साहजिकच विचारलें, “पीठ बाजारांत मिळत असतां घरीं जातें कशाला मांडतेस?”

“आजोबा, त्या पिठांत शेंकडों जिन्नस मिसळलेले आहेत. मला हवेत चार. वीज जाऊन रात्रीं दोनला आली, तर ह्यानें आपण होऊन उठलें पाहिजे. तेव्हां त्याच्याजवळ कोणी नसणार.”

हें उत्तर आम्हांस पटलें. बंधूंस पटलें नाहीं, पण ते गप्प बसले.

बिल्डरूट नांवाच्या साधनानें ती आपल्या लॅपटॉपवर ही प्रत घडवूं लागली. लॅपटॉपची यंत्रभाषा एक, बोर्डाची दुसरी. म्हणून आधीं दुभाषा घडवावा लागतो, आणि मग तो दुभाषा सारे कार्यक्रम परक्या भाषेंत उतरवितो. स्वतःस बोलतां न येणाऱ्या भाषेंत बिनचूक लिहिणारा लेखक आम्हीं प्रथमच पाहिला. संस्कृतांत तसे पुष्कळ झाले असतील, पण बिनचूक नव्हेत! पहिल्या खेपेस सारी दुपार गेली. शेवटीं एक फाइल निघाली; तिला इमेज म्हणतात. ती नखाएवढ्या कार्डावर उतरविली कीं बोर्डाची सामग्री तयार.

आतां अनवस्थेकडे वळूं. कार्यक्रम स्मृतींत आणून ठेवावयास दुसरा कार्यक्रम लागतो. त्यास कोणीं आणावें? आम्हीं हेंच विचारलें. ती म्हणाली, चिपांत कारखान्यांतच एक छोटा मजकूर कोरलेला असतो. त्यास रॉम म्हणतात, आणि तो पुसतां येत नाहीं. कार्डावर एम्‌एल्‌ओ नांवाची फाइल शोधून चिपाच्या पोटांतल्या इवल्याशा जागेंत आणणें, एवढेंच त्याचें काम. ही जागा सुमारें १०० किलोबाइटची, कारण बाहेरची ५१२ मेगाबाइटची स्मृति अजून निजलेलीच असते. तिला ही फाइल जागें करते आणि यू-बूटला बोलावते. यू-बूट कर्नेलला आणतो व बोर्डावर काय काय कोठें आहे ह्याची यादी त्याच्या हातीं देतो. वैयाकरण माहेश्वर सूत्रांपाशीं पोंचला कीं त्यामागें जात नाहीं, तशी येथील परंपरा रॉमपाशीं संपते.

पहिल्या रात्रीं मात्र ती तेथेंच अडली. लॅपटॉपच्या पडद्यावर सी, सी, सी, सी अशीं अक्षरें एकामागून एक उमटूं लागलीं. कार्डावर कांहीं सांपडलें नाहीं, तारेवरून पाठवा, असा रॉमचा तो टाहो. कार्डाच्या पहिल्या विभागावर ‘येथून आरंभ’ ही खूण करावयाची राहिली होती.

ती खूण झाल्यावर ओळी भराभर धांवल्या आणि एकाएकीं थांबल्या. मूळ संचिका उघडतां येत नाहीं, म्हणून कर्नेलनें हात टेकले होते. दोन दिवस मुलीचें जेवणांत लक्ष नव्हतें. तिसऱ्या दिवशीं उलगडा झाला. कर्नेल आटोपशीर करण्याच्या भरांत संचिका वाचण्याची विद्या तिनें त्यांतून काढून वेगळी ठेवली होती, आणि ती ठेवली होती त्याच संचिकेंत! पेटीची किल्ली पेटींत. “अन्योन्याश्रय!” आम्ही मोठ्यानें म्हणालों. तिनें अर्थ विचारून घेतला आणि वहींत टिपला. विद्या कर्नेलच्या पोटांत परत घातल्यावर पहिली प्रक्रिया उठली, आणि पडद्यावर नांव विचारणारी ओळ आली.

पवईच्या आय. आय. टी. मध्यें ‘अजित’ नांवाचा प्रोसेसर घडविला गेल्याची वार्ता २०१९ मध्यें आली, तेव्हां आम्हांस निव्वळ अभिमान वाटला होता. चीप हातीं आली तरी तिला बोलतें करावयाचें राहतेंच, हें आतां कळतें.

नंतरचे आठ दिवस बंधू घड्याळ घेऊन बसत व मुलगी वीज तोडून पुन्हां जोडी. मध्येंच वीज गेल्यास कार्डावरचें लिखाण बिघडूं नये, म्हणून तिनें तें केवळ वाचण्यापुरतें उघडें ठेवलें आहे. ४० वेळां वीज तोडली. ४० वेळां बारा सेकंदांच्या आंत यंत्र उठलें. बंधूंचा आक्षेप तरीहि शिल्लक होता: पूर येतो तेव्हां वीज असते कोठें? तेव्हां बॅटरी जोडली. एवढ्यावरहि त्यांचें समाधान होईना. पाण्याच्या टाकींत असतो तसा साधा तरंगता गोळा घंटेला जोडून त्यांनीं तो नाल्याच्या कडेला स्वतः टांगला. मुलीनें त्याचीहि तार आपल्या बोर्डाला आणून लावली आहे, आणि आधीं कोण वाजतें ह्याची नोंद ठेवावयाचें दोघांचें ठरलें आहे.