उदास गोष्टी मुलांना सांगाव्यात का?



उदास गोष्टी मुलांना सांगाव्यात का, हा प्रश्न मला या सत्रात एका आईने विचारला. मी कसब्यातल्या शाळेत सातवीला शिकवते. शनिवारचा शेवटचा तास आमचा गोष्टीचा असतो. त्या तासाला मी लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी मराठीत तोंडी सांगत होते. त्या ताई म्हणाल्या, "बाई, मुलांना काहीतरी हसरं सांगा ना. असलं कशाला?" हा प्रश्न तुमच्याही मनात येऊ शकतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते.

'द गिव्हर' १९९३ साली आली आणि १९९४ मध्ये तिला न्यूबेरी पदक मिळालं. हा 'डिस्टोपियन' कथेचा प्रकार, म्हणजे वरून सगळं छान पण आतून बिघडलेलं उद्याचं जग. जोनास हा आपल्या सातवीतल्या मुलांच्याच वयाचा, बारा वर्षांचा. त्याच्या गावात भांडण नाही, भूक नाही, दुःख नाही. पण रंगही नाहीत आणि संगीतही नाही. मनात काही हलायला लागलं की रोज सकाळी गोळी घ्यायची. रात्री जेवण झाल्यावर प्रत्येकाने आपली भावना सांगायची, बाकीच्यांनी चार ठरावीक शब्द बोलायचे, की विषय संपला! गावाच्या साऱ्या जुन्या आठवणी, चांगल्या आणि भयंकर, एकाच म्हाताऱ्या माणसाने सांभाळायच्या. जोनासची निवड त्याच्या जागी होते.

ही गोष्ट कुठून आली ते लेखिकेने पदक स्वीकारतानाच्या भाषणात सांगितलं आहे. तिचे वडील म्हातारपणी खूप काही विसरले होते. थोरली मुलगी हेलन तरुणपणीच वारली, हेसुद्धा ते विसरले होते. दुःख विसरलं तर बरं वाटतं हे खरं, पण ते सुरक्षित आहे का, असा प्रश्न लेखिकेला पडला आणि त्यातून पुस्तक उभं राहिलं.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. सत्यजित राय यांच्या 'हीरक राजार देशे' (१९८०) या बंगाली चित्रपटात राजा शाळा बंद करतो आणि लोकांची डोकी यंत्रात घालून धुतो. त्याला पुरून उरतो तो एक शाळामास्तर. शिक्षकांनी तर तो बघायलाच हवा!

आता वर्गात काय झालं ते सांगते. मी विचारलं, "जोनासच्या गावातली गोळी मिळाली तर कोण घेईल?" बरेच हात वर झाले. एक मुलगा म्हणाला, "बाई, मी घेईन. आजोबा गेल्यापासून घरात कोणी त्यांचं नावच काढत नाही. मला एकट्यालाच आठवतं." वर्ग गप्प झाला. मागून एक मुलगी म्हणाली, "पण मग आजोबांनी तुला पतंग शिकवला ते पण जाईल ना रे." त्याने थोडा विचार केला, पण हात खाली घेतला नाही. मीही घ्यायला लावला नाही.

नंतर त्याला विचारूनच मी त्याच्या आईशी बोलले. मुलगा रडतो म्हणून त्यांनी दिवाणखान्यातला आजोबांचा फोटो काढून ठेवला होता. बघा, किती मायेने केलेली गोष्ट! पण त्या घराचं नकळत जोनासचं गाव झालं होतं. आठवणींचं ओझं एकट्या बारा वर्षांच्या पोरावर. आता फोटो परत लागला आहे. मुलगा अजूनही मधूनच रडतो, पण आई शेजारी बसते.

आमच्या शाळेजवळच तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्याला मठारतात, म्हणजे हातोडीने ठोके देऊन बारीक खळगे पाडतात. त्यानेच पत्रा मजबूत होतो, हे इथल्या मुलांना ठाऊक आहे. पण कारागीर बेताने ठोकतो, वेडेवाकडे घाव घालत नाही. उदास गोष्ट सांगतानाही हेच भान हवं.

म्हणून तीन गोष्टी सुचवते.

एक, पुस्तक आधी स्वतः पूर्ण वाचा. 'द गिव्हर'मध्ये 'मुक्त करणं' म्हणजे खरं काय ते कळतं तो भाग फार जड आहे. मी तो थोडक्यात सांगितला, आणि त्या दिवशी तास लवकर संपवून सगळ्यांशी गप्पा मारल्या.

दोन, मूल बोललं तर लगेच उपदेश नको आणि खोदून विचारणंही नको. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' पालकांनी जरूर पाहावा. नैराश्यातल्या तरुणाला तिथे आधी निवारा मिळतो, प्रश्न नाही.

तीन, आपण शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. मूल बरेच दिवस झोपत नसेल, जेवत नसेल, खेळ सोडून बसत असेल किंवा जगणं नको असं बोलत असेल, तर ते मनावर घ्या आणि तज्ज्ञांकडे न्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. वर्गात पाढ्यांच्या तक्त्याशेजारी हा क्रमांक लावून ठेवा.

तर त्या ताईंना माझं उत्तर असं: हसऱ्या गोष्टी सांगूच, भरपूर सांगू. पण मुलांच्या मनात दुःख आधीपासून असतंच, गोष्ट ते आणत नाही. ते बोलायला शब्द आणि सोबत तेवढी देते.

तुमच्या घरात किंवा वर्गात असा कुठला फोटो काढून ठेवलाय का? आज जरा बघा.