स्वतःच्या पायांवर

'स्वतःच्या पायांवर उभे राहणे' हा वाक्प्रचार आपण किती सहजपणे वापरतो! मुलगा नोकरीला लागला, मुलीने शिवणवर्ग काढला, की आपण समाधानाने तो उच्चारतो. मला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, आहे. पायांवर उभे राहणे मला कधी जमलेच नाही. तरीही गेली अकरा वर्षे मी एकटी राहते, स्वतःच्या मिळकतीवर पोट भरते, आणि हा वाक्प्रचार मलाही लागू पडतो असे मानते.

या अवस्थेविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. हा संसर्ग नव्हे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही; परंतु स्नायूंना मिळणारे हुकूम कायमचे विस्कटतात. मागून कुणी अचानक हाक मारली, की माझे सारे अंग दचकून आक्रसते. घाई केली की जीभ अडखळते. मग ऐकणारा समजतो, की हिला बोलता येत नाही, तेव्हा कळतही नसावे. काहींच्या बुद्धीवर परिणाम होतो, अनेकांच्या होत नाही. पण त्याचा निवाडा उच्चारांवरून कसा करावा?

आई गेल्यावर दादा म्हणाला, "आता आमच्याकडे चल. वहिनी तुझं सगळं बघेल." त्याच्या मायेत तिळमात्र खोट नव्हती. पण त्या 'सगळं'मध्ये माझे उठणे, जेवणे, पैसे, पाहुणे, सारेच आले होते. मी म्हटले, "दादा, दर रविवारी जेवायला येईन." तो महिनाभर रुसला.

माझी तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा आहे. तिचे उंबरठे काढून घेतले. चाकांच्या खुर्चीवरून हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर फळ्या लावल्या. भाजी चिरण्याच्या पाटाला खालून दोन खिळे ठोकले आहेत. त्यांच्या टोकांत बटाटा रोवला की तो निसटत नाही. चहासाठी झाकणाचा पेला आणि नळी. मुद्रितशोधनाचे काम मी संगणकावर एका बोटाने करते. अंघोळीसाठी व कपड्यांसाठी सकाळी एक बाई येतात. त्यांचा पगार मी देते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "ताई, काय करू आणि कसं करू?" हा प्रश्न मला आयुष्यात फार थोड्यांनी विचारला आहे. मला रस्ता ओलांडायचा नसताना खुर्ची पलीकडे नेऊन ठेवणारे सज्जनही भेटले आहेत.

२०१८ साली एका बँकेत माझ्या दोन सह्या जुळल्या नाहीत. कारकुनाने शाईचे पॅड पुढे सरकवले आणि म्हटले, "तुमच्या पालकांना घेऊन या." मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक नेमण्याची तरतूद आहे खरी. पण पालकाची गरज आहे काय, हे आधी तपासावे लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे तेरावे कलम तर आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा हक्क इतरांच्या बरोबरीने देते. त्या कलमाची प्रत घेऊन मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हा खाते उघडले.

१९७२ साली अमेरिकेतील बर्कली येथे एड रॉबर्ट्‌स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवनाचे केंद्र उभारले. पोलिओमुळे रॉबर्ट्‌स यांचे मानेखालचे अंग लुळे पडले होते, श्वासासाठीही यंत्र लागे. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत डॉ. मिठू अलूर यांनी 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन केली आणि माझ्यासारख्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले. अंगात बळ किती, यापेक्षा आयुष्याचा लगाम कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न रॉबर्ट्‌स यांना मोलाचा वाटे. मलाही तो तसाच वाटतो.

याची किंमत मोजावी लागते. रात्री पडले तर काय, ही धास्ती उशाशी असते. म्हणून फोन गळ्यात आणि एक किल्ली शेजारच्या मावशींकडे असते. ताठ स्नायूंनी सांधेही लवकर झिजवले आहेत. उद्या दोन बाई ठेवाव्या लागतील. त्या कोणत्या, हे मात्र मीच ठरवीन.

दूधवाला, गिरणीवाला, गाडी चालविणारा, अशा किती हातांवर धडधाकट माणसाचाही दिवस उभा असतो! माझ्या दिवसाला त्याहून थोडे अधिक हात लागतात, इतकेच. वाचकहो, आपला हात पुढे करण्यापूर्वी एकदा विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. आम्हांला बोलायला वेळ लागतो.