सांडपाणी सोबतीला

आमच्या घरी प्रवासाची तयारी पाण्यापासून सुरू व्हायची. लातूरहून एसटीनं कुठंही निघायचं म्हटलं, की आई आधी फिरकीचा तांब्या चिंचेनं घासून काढायची. त्याचं झाकण एकदा घट्ट बसलं की ते उघडायला वडीलच लागत, आणि आम्हाला तहान लागे ती नेमकी ते स्टँडवर चहाला उतरलेले असताना. मामांच्या जीपला पुढं छागल टांगलेली असे. कॅनव्हासमधून पाणी झिरपायचं, वाऱ्यानं उडून जायचं आणि आतलं गार व्हायचं. पुढं प्लास्टिकचा कॅन आला, मग विकतची बाटली. भांडी बदलली, काळजी तीच राहिली : पाणी पुरेल ना?

लातूरकरांना हा प्रश्न घरी बसूनही सुटला नाही. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर. मी तोवर पुणेकर झालो होतो. टीव्हीवर ती गाडी बघून आई म्हणाली, "आता पाणीसुद्धा प्रवासाला निघालं म्हणायचं."

लेक न्यूझीलंडला स्थायिक झाली आणि तिच्या हट्टापायी आम्ही उभयतां, ती आणि जावई असे चौघं ख्राइस्टचर्चहून कॅम्पर व्हॅननं निघालो. गाडीतच बिछाने, गॅस, बेसिन आणि पोटाखाली दोन टाक्या; एक ताज्या पाण्याची, दुसरी वापरलेल्या. तिथं बऱ्याच ठिकाणी उघड्यावर मुक्काम करायचा तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला लागतो. माणशी रोजचं किमान 4 लिटर पाणी, तेही 3 दिवसांचं, आणि सांडपाणी साठवायची तेवढीच सोय. चौघांचे 48 लिटर. लातूरचा माणूस अशा आकड्यांना भीत नाही.

तारांबळ मात्र रोजचीच. लिंडिस पासच्या वळणावर वरचं कपाट उघडलं आणि तूरडाळ गाडीभर झाली. शेवटच्या मुक्कामापर्यंत ती पांघरुणात सापडत होती. एका सकाळी जावयांच्या डोक्याला शाम्पू आणि पंप नुसताच घरघरायला लागला. टाकी कोरडी. "अहो, थर्मासमधलं कोमट पाणी द्या त्यांना," हिनं आतून सांगितलं. ते चहासाठी आलं घालून उकळलेलं निघालं. जावई दिवसभर आल्याचा वास मिरवत होते.

खरी परीक्षा दुसऱ्या टाकीनं घेतली. आमटीची पातेली, ताकाची भांडी, चुळा, सगळं तिच्यात जाऊन उन्हानं आंबायचं आणि प्रत्येक वळणाला खालून डुचमळायचं. समोर पुकाकी सरोवर, हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठानं निळंशार झालेलं. पलीकडं 3,724 मीटर उंचीचा आओराकी. आणि आम्ही नाकाला रुमाल लावून बसलेलो. टाकी वाटेत कुठंही सोडायची नाही, ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. तिथं नळी लावून खटका ओढला की भाताची शितं, मोहरी, कढीपत्ता घेऊन आमचं स्वयंपाकघर समोरून वाहत जायचं. हिनं बेसिनवर गाळणी बसवली. ताट धुण्याआधी पोळीच्या तुकड्यानं निपटून घ्यायचं, ही आजीची शिस्त जावईसुद्धा पाळू लागले.

येणाऱ्या पाण्याची मी जन्मभर वाट पाहिली, जाणाऱ्याकडं वळून पाहिलं नव्हतं. आई भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालायची. पण मोरीच्या जाळीखाली गेलेलं पाणी तिच्याही लेखी संपलेलं असे. भिंतींच्या घराला 'बाहेर' असतं, तिथं सगळं ढकलता येतं. गाडीला 'बाहेर' नव्हतं. टाकलेलंही बरोबर घेऊन हिंडावं लागत होतं.

पुण्याला परतल्यावर आमच्या सोसायटीच्या तळघरात उतरलो. तिथं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा आहे, एवढं मला घर घेतानाच्या माहितीपत्रकामुळं ठाऊक होतं. यंत्रणा होती, तिच्यावर सायकली रचलेल्या होत्या. सेक्रेटरींना विचारलं.

"काका, ती केव्हाचीच बंद आहे. वीजबिल परवडत नाही. पण आपल्याला कुठं काही त्रास आहे?"

त्रास नाही, हे खरंच. ते पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि उजनी धरणात जाऊन साठतं. त्याच उजनीचं पाणी लातूरला मिळावं म्हणून आमच्याकडचे लोक वर्षानुवर्षं मागणी करताहेत. मी पुण्यात बेसिनमध्ये जे ओततो, तेच माझं गाव मागतंय.

पुढच्या सभेत हा विषय घ्यायचं पत्र मी देऊन ठेवलंय. मंडळी नाकं मुरडतील. मुरडू देत. नाक मुरडायचं तर आधी वास यावा लागतो.