मांडी घालणारा पाय

दिसायला हा कृत्रिम पाय, जयपूर फूट, साधाच. तपकिरी रबराचं पाऊल, बोटांचे आकार काढलेले, आणि वर नडगीच्या जागी एचडीपीई प्लास्टिकचा पाइप. शेताला पाणी द्यायला वापरतात त्याच जातीचा. पोटात मात्र बरंच काही आहे. टाचेत आणि चवड्यात स्पंज रबर, घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा, आणि या सगळ्यावर रबराचे थर चढवून साच्यात भाजून घट्ट केलेलं. यंत्रातला सांधा याला नाही. रबरच हवं तिकडे वळतं. त्यामुळे बांधावर, उतारावर, दगडगोट्यांत हा जमिनीच्या कलाने घेतो.

जयपूर फूट जन्मला 1960च्या दशकाच्या अखेरीस, जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात. त्याआधी मिळायचे ते विलायती घडणीचे पाय. घोटा ताठ आणि वर बूट हवाच. बूट घालून चुलीपाशी कोण जाणार, देवघरात कोण बसणार, भातखाचरात कोण उतरणार? लोक पाय घरी न्यायचे, कोपऱ्यात उभा करायचे आणि पुन्हा कुबड्या घ्यायचे. मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी माणसाची बसण्या-उठण्याची रीत बदलायला सांगितली नाही, पायच बदलला. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागेच राहिलं, याची मला खंत वाटते. रबर कुठे मऊ हवं नि कुठे कडक, हे त्यांच्या हातांना कळलं होतं.

पुढे 1975 साली स्थापन झालेल्या श्री भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय मोफत घरोघरी पोचवला. मुंबईच्या सुधा चंद्रन अपघातात पाय गमावल्यावर याच्याच आधाराने 1984 साली पुन्हा भरतनाट्यमला उभ्या राहिल्या, तेव्हा तो साऱ्या देशाला माहीत झाला.

मला मात्र आठवतात ते एका शिबिरातले शेतकरी आजोबा. गुडघ्याखाली पाय नव्हता. दांड्यांना धरून चार फेऱ्या झाल्या, तंत्रज्ञ म्हणाला, “बाबा, जमतंय की!” त्यांचं लक्षच नव्हतं. ते सरळ फरशीवर टेकले, हाताने पाऊल ओढून मांडी घातली आणि बायकोला म्हणाले, “आता पंगतीत बसता येईल गं.”

हा पाय कष्टाळू आहे, पण त्याची एक गरज आपण नेहमी विसरतो. कापल्यावर उरलेला पायाचा भाग काही महिन्यांत आक्रसतो. तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं, आत घासतं, फोड येतात. माणूस एकावर दुसरा मोजा चढवतो, मग तिसरा. शेवटी पाय खुंटीला लागतो, आणि दोष त्याच्या माथी येतो. शिबिर तर केव्हाच उठलेलं असतं! वाटलेल्या पायांचे आकडे छापून येतात, वर्षभराने त्यांतले किती चालताहेत हे कुणी विचारत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, माणसावर आणि पायावरही. एचडीपीईचं सॉकेट ऊब देऊन थोडंफार सारखं करता येतं. फारच सैल झालं तर प्लास्टरचा नवा साचा घेऊन दुसरं ओढता येतं. त्यासाठी जयपूर गाठायला नको. तालुक्याच्या रुग्णालयात एक भट्टी, प्लास्टर आणि ठरलेल्या वारी येणारा एक जाणता तंत्रज्ञ, एवढं असलं तरी पुरे.