डावीकडे वळणारा रोबो

सॉफ्टवेअर झिजत नाही. पाच वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ आज गंडली, तर ती बहुतेक पहिल्या दिवसापासूनच गंडलेली असते. तिच्यावर कुणाचा पाय पडलेला नसतो इतकंच. नाहीतर तिच्या आजूबाजूचं जग बदललेलं असतं. पण एखादं फंक्शन दहा लाख वेळा चाललं म्हणून त्याच्या कडा बोथट झाल्या, असं होत नाही. सहा वर्षं हेच काम केलं की बिघाड म्हणजे कुणाचीतरी चूक, असं डोक्यात पक्कं बसतं. 'गिट ब्लेम' नावाची कमांडच आहे आमच्याकडे. कुठली ओळ कुणी लिहिली ते नावासकट दाखवते.

आमच्या वाकडच्या सोसायटीत पूल साफ करायला एक रोबो आहे. तीन वर्षं इमानेइतबारे चालल्यावर तो तळाशी डावीकडे गोल गोल फिरायला लागला आणि भिंतीवर हातभर चढून खाली घसरायला लागला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "कोणी बिघडवला?" उत्तरही लगेच आलं : पूलवाल्या मामांनी वायरला धरून ओढला असणार. देखभालीचं कंत्राट घेतलेल्या माणसानं यंत्र न उघडताच 'मदरबोर्ड गेलाय' म्हणून सांगितलं आणि नव्याचं कोटेशन धाडलं, लाखाच्या वरचं. त्यातले थोडे मामांच्या पगारातून कापावेत, अशीही एक सूचना आली. तिला चार अंगठे होते.

नवा येईपर्यंत मामा पहाटे पाचला लांब दांडी आणि पाइप घेऊन हातानं तळ ओढत होते. हे काम घाईनं करता येत नाही. दांडी जोरात ढकलली की गाळ उठतो आणि पाणी गढूळ होतं. पावणेदोन तास. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

शनिवारी मी रोबो पार्किंगमध्ये आणून उलटा केला.

हे यंत्र दिसतं त्यापेक्षा साधं असतं. काठावरचा डबा घरातली 230 व्होल्टची वीज 24 ते 30 व्होल्टच्या आसपास उतरवतो, म्हणून ती पाण्यात सोडता येते. आतला पंप खालून पाणी ओढतो, जाळीतून गाळतो आणि वरून जोरात बाहेर फेकतो. त्या रेट्यानं यंत्र फरशीला दाबलेलं राहतं. भिंतीवर चढतं ते या दाबाच्या आणि रबरी पट्ट्यांच्या पकडीच्या जिवावर. दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे दातेरी पट्टे. डावा पट्टा चाकावर घसरला की डावी बाजू मागे पडते आणि यंत्र डावीकडे वळतं. बैलगाडीचा एक बैल दमावा तसं. त्यात मदरबोर्डाचा संबंध असलाच तर शेवटी.

वीज काढून चाकं हातानं हलवली. उजवी ठाम. डावं मागचं चाक दातासारखं हलत होतं. चार स्क्रू काढले, पट्टा सोडवला, चाक बाहेर आलं. आतला प्लास्टिकचा बुश, करंगळीच्या नखाएवढा, गोल राहिलाच नव्हता. लांबट झाला होता. त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर खरखरीत लागलं. वाळू. शेजारी दोन टॉवर उभे राहतायत, त्यांची धूळ रोज आमच्या पाण्यात उतरते. वाळू बुशमध्ये रुतली, बुश झिजला, चाक कललं, पट्टा सैल पडला, पट्ट्याचे दात गोल झाले. ओढून हे होत नाही. वायर ओढली तर वायर तुटेल.

मामा शेजारी उकिडवे बसले होते. "सर, मी कधी वायरला धरून उचलला नाय बघा."

"मामा, हे बघा," म्हणून मी बुश त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि बराच वेळ आरपार बघत राहिले.

पट्टे आणि ब्रश विकत मिळाले. पट्टा एकच खराब होता, पण दोन्ही बदलले. एक नवा, एक जुना ठेवला तर यंत्र पुन्हा एका बाजूला ओढणार. ब्रश स्पंजसारख्या पीव्हीएचे घेतले, कारण चकचकीत टाइल्सवर प्लास्टिकचा ब्रश घसरतो. बुश मात्र एकटा मिळेना, पूर्ण असेंब्लीच घ्या म्हणाले. म्हणून भोसरीला एका लेथवाल्याकडे गेलो. तो नायलॉन काढायला लागला. पण नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. डेलरिन छान कापलं जातं, पण क्लोरिन त्याला हळूहळू खातं. शेवटी त्याच्याच भंगारात कन्व्हेयरच्या पट्टीचा पांढरा तुकडा सापडला, युएचएमडब्ल्यू पॉलिथिनचा. मऊ, बुळबुळीत, ना पाण्याची फिकीर ना क्लोरिनची. चार बुश, सहाशे रुपये. मोटरच्या सीलबंद डब्याला मी हात लावला नाही. तो उघडला की पाणी आत जायला वाट मिळते, आणि तो धडधाकट होता.

संध्याकाळी रोबो पाण्यात सोडला. सरळ गेला, भिंतीला टेकला, नाक वर केलं आणि पाण्याच्या रेषेपर्यंत चढला. मामांनी उजवा हात वर करायचा प्रयत्न केला, मग डाव्यानं टाळी माझ्या हातावर मारली.

ग्रुपवर मी जुन्या आणि नव्या बुशचा फोटो शेजारी शेजारी ठेवून टाकला. खाली लिहिलं, 'झीज. पगारकपातीचा विषय मिटवावा.' सूचना करणाऱ्यांनी अंगठा दिला. त्यांचा स्वभाव वाईट नाही. त्यांनाही नाव लागतं, आम्हाला लागतं तसंच.

पूलच्या वहीत मामा रोज क्लोरिन आणि पीएच लिहितात. मागच्या सोमवारी पाहिलं, तर त्यांनी पट्टीनं आखून एक रकाना वाढवलाय. वर लिहिलंय 'चाक डावं'. खाली रोज एकच नोंद : 'हलत नाय'. गुरुवारी मात्र 'जरा जरा', आणि पुढे कंसात, 'वाळू काढली'.