नाताळांतील करंज्या

'नाताळ' हा शब्द आपण इतका घरचा केला आहे कीं, तो पोर्तुगीजांकडून आला हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. आमच्या बालपणीं हरसुलास मात्र नाताळ म्हणजे शाळेची सुटी, अंगणांतील शेकोटी व नागलीची गरम भाकरी, एवढेंच आम्ही जाणत होतों.

एके वर्षीं शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांच्या ओसरीवर रात्रीं भजन चाललें होतें. देवापाशीं वाती वळीत बसलेली आजी मान डोलवीत म्हणाली, "अभंग तुकोबांचा कीं नामदेवांचा?" वडील म्हणाले, "ना. वा. टिळकांचा." चित्पावन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले, पण अभंग कांहीं त्यांनीं सोडला नाहीं. आजीचा हात थांबला. "जलालपूरच्या गोखल्यांच्या लेकीचे यजमान ना?" लक्ष्मीबाई सोंवळ्यापायीं कित्येक वर्षें पतीपासून दूर राहिल्या, मग 1900 सालीं त्याही ख्रिस्ती झाल्या, ही हकीकत तिनें माहेरीं, नाशकास, ऐकली होती. ती पुढें कांहीं बोलली नाहीं.

नाताळच्या सकाळीं मास्तरांची मुलगी झांकलेलें ताट घेऊन आली. आजी सोंवळ्यांत! आम्ही श्वास रोखून उभे. तिनें रुमाल उचलला, करंजी निरखली व म्हणाली, "मुरड सुरेख घातली आहे हो!" करंज्या आम्हां मुलांत वांटल्या गेल्या, स्वतः तिनें एकही खाल्ली नाहीं. रिकामें ताट परत धाडूं नये म्हणून त्यांत दाण्याचे लाडू मात्र तिनें स्वहस्तें ठेविले.

त्या रात्रीं भजन सुरू झालें, तेव्हां थंडीसाठीं लावलेली ओसरीकडची खिडकी आजीनेंच उठून उघडली.